वासरांचा न्यूमोनिया गव्हाणीतच रोखायचा: नव्या गोठेवाल्यांसाठी

डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या पुढच्या भागाचा एक तुकडा कापला आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो सरळ तळाशी गेला. मग मागच्या भागाचा तुकडा टाकला, तो तरंगत राहिला. "बुडाला त्यात हवा शिरायला जागाच उरली नव्हती," ते म्हणाले. पुढचा भाग हाताला काळजासारखा, म्हणजे यकृतासारखा, घट्ट लागत होता, रंगही तसाच गडद लाल. सव्वा महिन्याची कालवड होती ती. गोठा सुरू केल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेलेली तिसरी.

मला वाटत होतं की औषध उशिरा दिलं गेलं, किंवा चुकीचं दिलं गेलं. डॉक्टर मात्र वेगळेच प्रश्न विचारत होते. चीक किती वाजता पाजला? किती लिटर? आता रोज दूध किती देता? पाणी कधीपासून ठेवलं? गाय आटल्यावर तिला काय घालत होता? एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठाला माझा संकरित गाईंचा गोठा आहे. त्या दिवसापासून मी वही घातली, आणि पुढच्या हिवाळ्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्ही नवीन गोठा टाकत असाल, तर माझ्या तीन कालवडी गेल्या त्या वाटेने तुमची एकही जाऊ नये.

आधी एवढं समजून घ्या

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसदाह. तो करणारे मुख्य जंतू म्हणजे मॅनहायमिया, पाश्चुरेला आणि मायकोप्लाझ्मा. यातले पहिले दोन निरोगी जनावराच्याही नाकात आणि घशात मुक्कामाला असतात. म्हणजे ते बाहेरून यायची वाट बघावी लागत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते धूळ आणि जंतू चिकट स्रावाबरोबर सतत वर ढकलत राहतात. त्यातूनही जे खाली उतरतं त्याला रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) गाठतात. हे अस्तर, हा स्राव, या पेशी आणि प्रतिपिंडं घडतात ती चीक, दूध, चारा आणि खनिजांतून. थंडी, प्रवास किंवा एखादा विषाणू जनावराला थोडं ढिलं पाडतो, आणि अंगात शिल्लक नसेल तर नाकातलेच जंतू खाली उतरतात. २०२२ च्या लम्पीच्या साथीत पुष्कळांनी हे पाहिलं. गाठी विषाणूने आल्या, पण त्यामागून जंतूंचा न्यूमोनिया आला आणि अशक्त जनावरं त्यात गेली.

त्यात गाईची फुफ्फुसं तिच्या अंगाच्या मानाने लहान. घोड्यासारखी राखीव जागा तिच्याकडे नाही. थोडा भाग निकामी झाला तरी तिला धाप लागते.

जवळ काय हवं

- थर्मामीटर, शक्यतो डिजिटल आणि फक्त जनावरांसाठी ठेवलेला
- लिटरच्या खुणा असलेलं माप आणि निपलची बाटली किंवा निपलची बादली
- छातीचा घेर मोजून वजन काढायची टेप
- ब्रिक्स मीटर. द्राक्षाची गोडी बघायला वापरतात तोच. आमच्याकडे निफाडच्या पाव्हण्यांचा जुना आहे, उत्तम चालतो
- डीप फ्रीजरमध्ये थोडी जागा
- एक वही: जन्मतारीख, चीक पाजल्याची वेळ, रोजचं दूध, ताप, औषधं
- प्रत्येक जनावराचा कानातला १२ अंकी टॅग नंबर आणि लसीकरणाची नोंद. जनावर विकत आणत असाल तर पशुवैद्यकाचा आरोग्य दाखलाही. विम्याचा दावा, सरकारी लस, दवाखान्यातली नोंद, सगळं त्या टॅगवर चालतं

१. सुरुवात वासरापासून नाही, आटलेल्या गाईपासून

गाय आटली की तिचा खुराक बंद करायचा, हा आपल्याकडचा रिवाज. दूध नाही तर पेंड कशाला, असं वाटतं. पण चीक याच शेवटच्या दोन महिन्यांत तयार होतो, आणि पोटातलं वासरूही याच काळात सगळ्यात जास्त वाढतं. नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर ठेवलेल्या गाईला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं दोन्ही कमी पडतात. वासरू किरकोळ निपजतं, उठायला वेळ लावतं, आणि उशिरा उठलेलं वासरू चीकही उशिरा पितं.

विण्याच्या साठ दिवस आधी गाय आटवा. त्या काळात चांगला कडबा किंवा वाळलेलं गवत, थोडा हिरवा चारा, दोनेक किलो खुराक आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. अंगावर मात्र चरबी चढू देऊ नका. फार लठ्ठ गाय विताना अडते आणि व्यायल्यावर खाणं टाकते. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्याला उठून दिसू नयेत, इतपत ठेवा.

२. चीक: पहिल्या दोन तासांत, मापाने

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच प्रतिपिंडं मिळतात. गाईची जार ती पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. ते सगळं चिकातून यायचं असतं, आणि आतड्याचं दार त्यासाठी थोडाच वेळ उघडं असतं. जन्मल्यापासून तासागणिक ते मिटत जातं आणि साधारण २४ तासांत बंद होतं. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो, आतड्याला थोडा आधार देतो, पण त्यातली प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत. अशा वासराला पहिल्या आठवड्यात हगवण लागते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ढास.

किती पाजायचा? वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा. ३० ते ३५ किलोच्या संकरित वासराला पहिल्या दोन तासांत ३ लिटर, मग बारा तासांच्या आत आणखी दीड-दोन लिटर. खिलार, देवणी किंवा गीरचं वासरू लहान असतं, त्याला पहिल्या वेळी २ लिटर पुरतो. वासरू गाईखाली सोडलं म्हणजे प्यायलं, असं धरू नका. किती प्यायलं हे डोळ्याला कळत नाही. सड मोठे असतील, कास खाली लोंबत असेल, तर ते नुसतंच धडका देत राहतं. पिळा, मापा आणि निपलने पाजा.

या पायरीवर मला दोन अडचणी आल्या. दोन्ही घरातल्याच.

पहिली जारेची. आई म्हणायची, "अरे, जार पडल्याशिवाय धार काढू नये, वासराला पाजू नये." तिने तिच्या सासूकडून ते ऐकलेलं. माझ्या त्या तिसऱ्या कालवडीला चीक मिळाला तो जार पडल्यावर, नऊ तासांनी. खरं तर उलट आहे. वासरू प्यायला लागलं किंवा धार काढली की गाईच्या अंगात जो संप्रेरक सुटतो, तो गर्भाशय आकसायला मदत करतो. थांबण्याने जार पडत नाही, वासराचे तास मात्र जातात. आईशी वाद घातला नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनाच गोठ्यात तिच्यासमोर सांगायला लावलं. आता रात्री गाय व्याली तर तीच मला उठवते.

दुसरी खरवसाची. गाय व्याली की शेजारी, पाव्हणे, सगळ्यांना चीक जायचा. देणं चांगलंच आहे, आणि खरवस कुणाला आवडत नाही? पण पहिल्या धारेचा चीक वासराचा. त्यातून उरला तर एक-एक लिटरच्या पिशव्या करून आडव्या ठेवून गोठवायचा. खरवसाला दुसऱ्या दिवसाचा चीक द्या. तो पातळ असतो, थोडा जास्त उकडावा लागतो, एवढंच.

गोठवलेला चीक वर्षभर टिकतो. आटलेल्या गाईला लवकर कळा आल्या, गाय दगावली, किंवा चीक फारच पातळ निघाला, तर हाच उपयोगी पडतो. वितळवताना कोमट पाण्यात पिशवी सोडा, हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात, ५० अंशांच्या वर नाही. गॅसवर ठेवलात तर भांड्यात खरवस होईल आणि त्यातली प्रतिपिंडंही जातील.

चीक चांगला आहे का, हे ब्रिक्स मीटरने बघा. दोन थेंब काचेवर टाका आणि उजेडाकडे धरून वाचा. २२ किंवा वर आला तर चांगला. खाली आला तर गोठवलेला चांगला चीक वापरा, आणि तो नसेल तर मोठ्या वासराला तीनऐवजी चार लिटर द्या. नुसत्या दाटपणावरून आणि पिवळेपणावरून अंदाज करू नका, मी दोनदा फसलो आहे.

वासरू दोन ते सात दिवसांचं असताना डॉक्टर आले तर थोडं रक्त काढून घ्यायला सांगा. रक्ताचं वर आलेलं पाणी त्याच मीटरवर ८.४ च्या वर वाचलं तर चीक अंगी लागला आहे असं समजा.

३. दूध: दीड लिटरवर वासरू जगतं, लढत नाही

डेअरीला घालायचं दूध वासराने प्यावं याचं प्रत्येक नव्या गोठेवाल्याला वाईट वाटतं. मलाही वाटायचं. सकाळी एक बाटली, संध्याकाळी एक बाटली, झालं. ३५ किलोच्या वासराला त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीन लिटर दूध दिलं, तर ते जेमतेम अंग राखतं आणि थोडंसं वाढतं. त्याहून कमी दिलं तर प्रतिकाराला काही उरतच नाही. मी आता पहिला महिनाभर पाच ते सहा लिटर देतो, दोन वेळा नाही तर तीन वेळा.

थंडीत हे जास्तच लागतं. लहान वासराला साधारण १५ अंशांच्या खाली अंग गरम ठेवायला जादा इंधन जाळावं लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. त्या रात्रींत वासरू दूध वाढीला वापरत नाही, शेकोटीला वापरतं. म्हणून थंडीचे दोन महिने मी रात्री नऊला एक जादा फेरी देतो, लिटर-दीड लिटर. खाली कडब्याचा किंवा उसाच्या पाचटाचा इतका जाड थर घालतो की वासरू बसलं की पाय त्यात झाकले जावेत. जादा दूध आणि कोरडी जाड गादी, दोन्ही एकत्र. एकाने भागत नाही.

दूध धारोष्ण किंवा ३८ ते ४० अंश असावं, वेळ ठरलेली असावी. दुधाची पावडर वापरत असाल तर पिशवीवर लिहिलेलं प्रमाण पाळा. पाणी वाढवून पुरवठ्याला आणू नका.

कासदाह झालेल्या गाईचं दूध वासराला घालायचा मोह टाळा. डेअरी घेत नाही म्हणून ते वासराच्या बादलीत जातं. मायकोप्लाझ्मा हा जंतू अशा दुधातून थेट वासरात जातो. मग ढास, ताप, एक कान लोंबणं, मान एका बाजूला कलणं असं सुरू होतं, आणि हा जंतू नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद देत नाही. इंजेक्शन चालू असलेल्या गाईचं दूधही नको, त्यातल्या औषधाच्या अंशावर जंतू निबर होतात. निरोगी गाईंचं एकत्र केलेलं दूध द्यायचं असेल तर ६३ अंशांवर अर्धा तास तापवून, निववून द्या.

४. पाणी आणि वासरांचा खुराक

दूध पितं म्हणजे पाण्याची गरज भागते, हा समज चुकीचा. निपलने प्यालेलं दूध कोठीपोटाला, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाला, वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. कोठीपोटाला पाणी वेगळं लागतं, नाहीतर तिथले उपयोगी जिवाणू वाढत नाहीत आणि वासरू खुराक खात नाही. चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाणी समोर ठेवा. थंडीत कोमट.

त्याच दिवसापासून वासरांचा खुराक, म्हणजे काफ स्टार्टर, मूठभर ठेवा. प्रथिनं २० ते २२ टक्के असावीत. सुरुवातीला दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर ओल्या नाकपुडीला, तोंडाला लावा, ते चाटायला शिकतं. उरलेलं रोज काढून मोठ्या गाईला घाला, शिळं ठेवू नका. मोठ्या गाईंची गोळी पेंड वासराला चालत नाही. त्यात युरिया असू शकतो.

दूध तोडणं तारखेने नाही, खाण्याने ठरवा. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला की दूध हळूहळू, आठ-दहा दिवसांत कमी करा. एकदम तोडलं, त्याच दिवशी शिंगं जाळली, त्याच दिवशी दुसऱ्या गटात सोडलं, की चार दिवसांत ढास सुरू झाली असं माझ्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे. एका वेळी एकच त्रास द्या.

५. खनिजं आणि जीवनसत्त्वं

श्वासनलिकेचं अस्तर धड राहायला अ जीवनसत्त्व लागतं, ते हिरव्या चाऱ्यातून येतं. उन्हात वाळलेल्या कडब्यात ते फारसं उरत नाही. मोठं जनावर काळजात साठवलेल्यावर दोन ते चार महिने काढतं, वासराचा साठा त्याहून लवकर संपतो. म्हणून फेब्रुवारीपासून मृगापर्यंत, हिरवं संपतं तेव्हा, जपायचं. थोडा का होईना हिरवा मका, लसूण घास, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला द्या. चांगला हिरवट मुरघासही आधार देतो. दुष्काळात नुसतं वाढं आणि ऊस घालून जनावरं जगवावी लागतात, पण उसात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्या दिवसांत पेंड आणि खनिज मिश्रण तोडू नका.

ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम जंतू मारणाऱ्या पेशींना लागतात, जस्त आणि तांबं प्रतिपिंडांना आणि अस्तराला. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत जस्त कमी आहे, म्हणजे चाऱ्यातही कमीच. खनिज मिश्रण लहान वासराला २० ते २५ ग्रॅम, कालवडीला आणि आटलेल्या गाईला ५० ग्रॅम, दुभत्या गाईला दुधाप्रमाणे १०० ते २०० ग्रॅम. नुसतं मीठ किंवा चुनखडी म्हणजे खनिज मिश्रण नव्हे. पिशवीवर तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन लिहिलंय का बघा.

सेलेनियमचं इंजेक्शन मात्र स्वतः कधी टोचू नका. पुरेसं आणि विषारी यांत अंतर फार थोडं आहे.

६. धूळ, बुरशी आणि अमोनिया

कुट्टी मशीन गोठ्यात चालवू नका. वाऱ्याच्या उलट बाजूला, बाहेर चालवा. सोयाबीनचं भुसकट, तुरीचं भुसकट, गव्हाचा भुसा कोरडा टाकला की वासरू तोंड घालतं आणि शिंकतं. वरून पाण्याचा, गुळवणीचा हलका शिपका द्या. फार भिजवू नका, उरलं तर बुरशी धरतं.

बुरशी आलेला कडबा, काळी पडलेली सरकी पेंड, वास मारणारी शेंगदाणा पेंड "जनावरच तर आहे" म्हणून घालू नका. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष प्रतिकारशक्ती दाबतं, लसही नीट लागू होत नाही, आणि ते दुधातही उतरतं.

अमोनियासाठी माझी एकच चाचणी. पहाटे गोठ्यात जाऊन वासराच्या नाकाइतकं खाली वाका, गुडघे गादीवर टेका आणि मिनिटभर तिथेच श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा गुडघे ओले झाले, तर वासरू रात्रभर त्यातच श्वास घेतंय. थंडीत चारही बाजूंनी बारदान लावून कोंडून टाकणं ही आपली नेहमीची चूक. खालचा वारा अडवा, वरचा मोकळा ठेवा.

७. बाजारातून जनावर आणलं तर पहिले पंधरा दिवस

अमेरिकेत याला शिपिंग फीव्हर म्हणतात, म्हणजे प्रवासाचा ताप. आपल्याकडे गाय लोणीच्या बाजारातून येवो की पंजाब-हरियाणातून, घडतं तेच. एक-दोन दिवस पोटात काही नाही, पाणी नाही, ट्रकमधली धूळ आणि दाटीवाटी. कोठीपोटातले जिवाणू उपाशी पडतात, म्हणून उतरल्यावरही तिला भूक लागत नाही. प्रतिकार तळाला आणि खाणं अर्ध्यावर. ताप बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येतो.

मी फसलो ते असं: गाय आली, पूजा झाली, आणि "दूध सोळा लिटर आहे, सहा किलो पेंड घाला" असं व्यापाऱ्याने सांगितलं म्हणून पहिल्याच संध्याकाळी घातली. तिसऱ्या दिवशी शेण पातळ, पाचव्या दिवशी १०५ ताप.

आता असं करतो. उतरल्यावर आधी पाणी, थोडा गूळ आणि मीठ घालून. मग फक्त चांगला कडबा किंवा वाळलेलं गवत, जितकं खाईल तितकं. दुसऱ्या दिवशी थोडं हिरवं. खुराक किलोभरापासून, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो वाढवत, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण. विकणाऱ्याकडून तिच्या रोजच्या पेंडीची दोन पोती बरोबर घेऊनच या, म्हणजे बदल टप्प्याने करता येतो. एकवीस दिवस वेगळं बांधा, पाण्याचं भांडंही वेगळं. सकाळ-संध्याकाळ ताप बघा, गव्हाणीत काय उरलं ते वहीत लिहा. खाणं कमी झालेलं मला तापाच्या आदल्या दिवशी दिसतं.

लस शक्यतो आणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी झालेली असावी. घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्याआधी सगळ्यांनाच द्या. तो रोगही पाश्चुरेलाच करतो, आणि म्हशींमध्ये तो फार झपाट्याने मारतो. हाडं निघालेल्या जनावरात लस तितकी लागू होत नाही, तेव्हा मे महिन्यातलं खाणंच पावसाळ्यात कामी येतं.

८. खुराक एकदम वाढवला तर फुफ्फुसात काय होतं

हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मका भरडा, गव्हाचं पीठ, शिळ्या भाकऱ्या, लग्नातला उरलेला भात भरपूर घातला की कोठीपोटात आम्ल वाढतं. आतलं अस्तर सोललं जातं. तिथून जंतू रक्तात शिरून काळजात जातात आणि तिथे गळवं करतात. गळू मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर त्याच्या गुठळ्या सुटून फुफ्फुसात अडकतात आणि तिथे नवी गळवं होतात. अशी गाय आठवडेच्या आठवडे खुरडत खाते, ढासते, आणि एक दिवस नाकातोंडातून रक्त येऊन कोसळते. त्या टप्प्यावर औषध चालत नाही.

म्हणून खुराक दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या, आधी चारा मग खुराक, आणि लांब धाग्याचा चारा कधी तोडू नका. बसलेल्या गाईंतल्या निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. शेणात मक्याचे दाणे, फेस, आंबूस वास दिसला तर खुराक त्याच दिवशी कमी करा.

९. बाटलीने पाजू नका

पोटफुगीला तेल, तापाला काढा, अशक्तपणाला गुळाचं पाणी. डोकं वर करायचं, जीभ ओढायची, बाटली तोंडात उलटी करायची. गाईला ठसका लागतो, आणि आपण म्हणतो, गेलं पोटात. गेलेलं असतं श्वासनलिकेत. त्यातून होणारा न्यूमोनिया सडका असतो, श्वासाला कुजका वास येतो, आणि फार थोडी जनावरं वाचतात. तेल सगळ्यात वाईट, कारण त्याने खोकलाही धड येत नाही.

व्यायल्यावर कॅल्शियम कमी होऊन बसलेली, मान पोटाकडे वळवलेली गाय गिळूच शकत नाही. तिला तोंडाने काहीही देऊ नका, शिरेतून कॅल्शियम देणारा डॉक्टर बोलवा. अशक्त वासराच्या तोंडातही दूध ओतू नका. बोट तोंडात घातलं आणि ते चोखत नसेल, तर नळीने पोटात पाजायचं काम डॉक्टरांचं, किंवा त्यांच्याकडून नीट शिकलेल्या माणसाचं. चोखत असेल तर निपल, वासरू उभं, तोंड खांद्याच्या उंचीला.

१०. ढास लागलीच तर

रोज दूध पाजताना बघा: कोण उशिरा उठलं, कुणी बाटली अर्धी सोडली, कुणाचे कान पडलेत. नाकातला पातळ शेंबूड घट्ट पिवळा होणं, मान लांब करून कोपरं बाहेर काढून उभं राहणं, पोट आत-बाहेर लोहाराच्या भात्यासारखं हलणं, या फार पुढच्या खुणा आहेत. त्याआधी थर्मामीटर लावा. वासराला १०३ च्या वर ताप आणि दूध सोडलेलं, एवढं पुरे. डॉक्टरांना फोन करा, ते मिळाले नाहीत तर १९६२ वर फिरत्या दवाखान्यासाठी लावा. टॅग नंबर, वय, वजन, ताप, चीक आणि दुधाची नोंद हातात ठेवा.

मेडिकलमधून इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका. सुरू केलेलं औषध दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवू नका. दुभती गाय असेल तर औषधाच्या मुदतीत दूध डेअरीला घालू नका.

आणि दूध बंद करू नका. "ताप आहे, पचणार नाही" म्हणून आपण उपाशी ठेवतो, आणि तापात तर जास्त ताकद लागते. थोडं थोडं, चार वेळा, कोमट द्या. हगवणही असेल तर क्षारांचं पाणी दुधाच्या दोन तास मागे-पुढे. मोठ्या जनावराला कोवळा हिरवा मका, लसूण घास हातात धरून द्या, पाणी तोंडाजवळ आणून ठेवा. तापाचं औषध लागू पडलं की पहिल्या सहा-आठ तासांत ते तोंड उघडतं, तेव्हा समोर ताजं काहीतरी असायला हवं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका कालवडीने रात्रीची बाटली अर्धी सोडली. ताप १०३.६. डॉक्टर सकाळी सातला आले, तोपर्यंत मी तिला दर दोन तासांनी अर्धा-अर्धा लिटर पाजत बसलो होतो, शेजारी आई शेगडी घेऊन. तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय: चीक पहाटे ४.२०, जन्मानंतर ५० मिनिटांनी, ३ लिटर, ब्रिक्स २४. परवा तिची गाभण तपासणी झाली, तीन महिन्यांची गाभण आहे.